गाईशी सूत जुळवताना

नवी गाय गोठ्यात आली की पहिल्या दिवशी तिला काही शिकवायला जाऊ नका. पाणी, वैरण, अंगाखाली कोरडी जागा आणि शांतता, एवढंच द्या. सोबतच्या गाई सुटल्या, कोणाला वाट द्यायची आणि कोणाला ढुशी मारायची हे ठरलेलं गणित मोडलं, धारेचा हात बदलला, गोठ्याचा वास बदलला. एवढं सगळं एका दिवसात झाल्यावर पुढचे काही दिवस दूध कमी पडणारच. लगेच ‘फसवणूक झाली’ म्हणू नका आणि काठीही हातात घेऊ नका.

जिव्हाळा वगैरे शब्द माणसाचे. गाय तुम्हाला मोजते ती मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा काय घडलं यावरून. त्या हिशेबात दुखणं, आरडाओरडा, अचानक धक्का हे पटकन जमा होतं. वैरण, खाजवणं, ओळखीचा आवाज हे सावकाश जमा होतं. तिच्या अशा अनुभवांची रास आपल्या बाजूने कशी वाढवायची, ते पुढे सांगितलं आहे.

पहिले पंधरा दिवस

विकणाऱ्याकडून पाच गोष्टी विचारून घ्या: कोणती वैरण होती, आंबोण (पेंड-भुशाचा खुराक) किती आणि कधी, धारेच्या वेळा, कोणत्या बाजूला बसून धार काढत, आणि हाक काय मारत. त्याच नावाने हाक मारा. आपल्याला आवडलेलं नवं नाव महिन्याने ठेवता येतं. वैरण बदलायची तर ७ ते १० दिवसांत, जुनी कमी आणि नवी जास्त करत. एकदम बदलली की पोट बिघडतं, आणि गाय त्या दुखण्याची सांगड नव्या जागेशी घालते.

रोगराईच्या भीतीने नवं जनावर ३ ते ४ आठवडे वेगळं ठेवायला हवं. पण गाय कळपातला प्राणी, एकटेपणा तिला सोसत नाही. म्हणून तिची जागा अशी निवडा की बाकीची जनावरं तिला दिसतील, पण नाकाला नाक लागणार नाही आणि पाण्याचं भांडं सामायिक नसेल. तिचं सगळं काम शेवटी करा आणि परत जाताना हात-बूट धुवा.

पहिले १० ते १२ दिवस तिच्याकडे एकाच माणसाने बघावं, शक्यतो त्याच रंगाच्या कपड्यांत. गाय माणूस ओळखते ती चेहरा, उंची, कपडे, आवाज आणि वास या सगळ्यांवरून. कपड्यांचा रंग बदलला की कित्येक गाई आपल्याच माणसापासून मागे सरतात, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. याचा उलटा उपयोगही आहे. इंजेक्शन देताना किंवा खूर कापताना घालायचा अंगरखा वेगळा ठेवा, म्हणजे धारेच्या कपड्यांवर त्याचा डाग बसत नाही.

रोज दोनदा, पंधरा मिनिटं, पालथी बादली टाकून तिच्यापासून तीन-चार हातांवर बसा. बसलेला माणूस लहान दिसतो. तिच्याकडे रोखून बघू नका, मोबाइल बघा हवं तर. दोन-तीन दिवसांत मान लांबते, ओलं नाक पुढे येतं, बाहीवर दोन-तीन लांब श्वास पडतात, मग जिभेचं खरखरीत टोक मनगटाला लागतं. या क्षणी बहुतेक जण चुकतात: आनंदाने हात वर करून कपाळाला लावायला जातात. ती फुर्रकन मागे होते आणि चार दिवसांचं काम वाया जातं. हात आहे तिथेच ठेवा. तिला हुंगू द्या आणि तिने मान मागे घेतली की तुम्हीही उठून जा.

तिच्या डोळ्यांनी गोठा बघा

गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणून मान न वळवता तिला सुमारे ३३० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते थेट पाठीमागचं आणि अगदी नाकासमोरचं. एखादी गोष्ट किती खोल किंवा लांब आहे हे मात्र तिला समोरच्या अरुंद पट्ट्यातच नीट कळतं. म्हणून गटारावरची सावली, फरशीवरची ओल किंवा दारात पडलेला उन्हाचा पट्टा तिला खड्ड्यासारखा वाटू शकतो आणि ती जागीच थांबते. मागून दामटू नका. मान खाली घालून हुंगायला दहा-वीस सेकंद द्या, आपणहून ओलांडेल. लाल फडक्याने गुरं चवताळतात ही समजूतही सोडून द्या: लाल आणि हिरव्यातला फरक त्यांना फारसा कळत नाही, बुजतात ती फडकण्याला.

कान आपल्यापेक्षा तिखट. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, गाईला ३५ किलोहर्ट्झच्या आसपास. लोखंडी फाटकाचा खणखणाट, शिट्टी, गंज चढलेल्या बिजागरीची किंचाळी हे तिला आपल्याहून जास्त टोचतं. बिजागरीला तेल घालणं हेही गाईवर माया करणंच आहे. फाटकाला रबराचा तुकडा लावा.

जवळ जाताना थेट मागून किंवा थेट समोरून जाऊ नका. खांद्याच्या बाजूने, तिरक्या वाटेने, हळू आणि बोलत जा. प्रत्येक गाईभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं. त्यात पाऊल पडलं की ती सरकते. कुणाचं चार मीटर, कुणाचं अर्धा. वर्तुळाच्या कडेवर पोचलात की ती मान उचलते आणि कान तुमच्याकडे वळवते. तिथे थांबा, ती पुन्हा वैरणीकडे वळली की एक पाऊल पुढे. सरकलीच तर तुम्ही मागे या. तुम्ही मागे सरकणं हेच तिच्यासाठी बक्षीस असतं, आणि त्याने वर्तुळ जेवढं आटतं तेवढं आंबोणाने आटत नाही.

चालवायची असेल तर खांद्याची रेघ लक्षात ठेवा. खांद्याच्या मागे उभं राहून जवळ गेलात तर ती पुढे जाते, पुढे उभे राहिलात तर थांबते किंवा मागे येते. एवढं कळलेल्या माणसाला शेपूट पिरगाळायची वेळ येत नाही.

हात कुठे आणि कसा

गाई एकमेकींना चाटतात ते बहुतेक मानेवर, डोक्यापाशी आणि खांद्याच्या वरच्या भागावर. आपला हातही तिथेच रुचतो, त्यातही गळ्याखाली, पोळीच्या (गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या) वरच्या बाजूला सगळ्यात जास्त. तळहात सपाट ठेवून जरा दाब देत वरून खाली ओढा, मिनिटाला साधारण ४० ते ६० वेळा. हीच चाटण्याची लय. धपाधप थोपटणं माणसाला प्रेमाचं वाटतं. गाईच्या भाषेत त्याला अर्थ नाही, आणि बुजऱ्या गाईला तो मारच वाटतो. बोटांच्या टोकांनी हलकं हलकं शिवलं की माशी बसल्यासारखी कातडी थरथरते. म्हणून हात ठाम ठेवा.

आवडतंय हे कसं ओळखायचं? मान लांब होऊन खाली झुकते, कान सैल होऊन बाजूला किंवा मागे लोंबतात, पापण्या अर्ध्या मिटतात. काही गाई त्याच तंद्रीत रवंथ सुरू करतात. नको असेल तर डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसतो, शेपूट झटकली जाते, वजन या पायावरून त्या पायावर जातं. तीन ते पाच मिनिटं पुरे. तिला कंटाळा येण्याआधी थांबा.

खरारा करायचा तर मानेपासून सुरुवात, मग खांदा, पाठ, पुठ्ठा. पोट आणि कास सगळ्यांत शेवटी, तेही आठवड्याभराने. खरारा करताना दुसऱ्या हाताने कानामागे, पोळीखाली, शेपटीच्या मुळाशी आणि कासेच्या घडीत गोचीड चाचपता येते. माया आणि तपासणी एकाच फेरीत होते.

आपली प्रगती मोजायची एक सोपी रीत आहे, जनावरांची निगा तपासणारे तीच वापरतात. गाय गव्हाणीवर उभी असताना समोरून दोन मीटरवर उभे राहा. हात पुढे, जमिनीकडे झुकलेला, तळव्याची मागची बाजू तिच्याकडे. सेकंदाला एक पाऊल या गतीने जा. तिने मान मागे घेतली तेव्हा हात आणि नाक यांत किती अंतर होतं ते लिहून ठेवा. हात लागला तर उत्तम, अर्ध्या मीटरच्या आत आलात तर ठीक, मीटरभर लांबूनच हलली तर भीती आहे. दर पंधरा दिवसांनी करा. सगळाच गोठा मीटरभर लांबून हलत असेल तर दोष गाईंच्या स्वभावात नसतो, सांभाळणाऱ्या हातात शोधा.

धार: विश्वास इथे लिटरमध्ये मोजला जातो

सडांना हात लागला की तो निरोप मेंदूला जातो, मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं, रक्तातून कासेत पोचतं आणि दुधाच्या बारीक पिशव्या आवळून दूध खाली ढकलतं. यालाच आपण पान्हा म्हणतो. पहिल्या स्पर्शापासून पान्हा यायला एक-दीड मिनिट लागतं आणि त्याचा जोर साधारण पाच ते सात मिनिटं टिकतो. म्हणून क्रम असा ठेवा: हाक मारा, पुठ्ठ्यावर हात ठेवा, सड कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे करा, प्रत्येक सडाच्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून गुठळी दिसते का बघा, कास अर्धा मिनिट चोळा, आणि पहिल्या स्पर्शापासून ६० ते ९० सेकंदांत धार सुरू करा. मग मध्ये उठू नका, फोन घेऊ नका. सहा-सात मिनिटांत संपवा.

गाय घाबरली की अॅड्रेनालिन हे भीतीचं संप्रेरक सुटतं. कासेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ऑक्सिटोसिनचं काम तिथे अडतं. जागा अगदीच नवी असेल तर मेंदूच ऑक्सिटोसिन सोडत नाही. तरी थोडं दूध येतंच, कारण सडांच्या वरच्या पोकळीत आधीच उतरलेला साठा असतो; विदेशी वंशाच्या गाईंत तो एकूण दुधाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. तेवढं काढून माणूस उठतो आणि गाय आटली म्हणतो. देशी वंशांच्या गाईंत आणि म्हशींत ही पोकळी लहान, म्हणून त्यांचं जवळजवळ सगळं दूध पान्ह्यावर अवलंबून. ‘दूध चोरते’ हा आळ त्यांच्यावर जास्त येतो तो यामुळे. चोरी तिच्या हातात नाही. कासेत दूध आहे, ते खाली उतरवणारा निरोप अडला आहे.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाईंना आधी दोन माणसांची सवय लावली, एक प्रेमाने वागणारा, दुसरा त्रास देणारा. पुढे धारेच्या वेळी त्रास देणारा नुसता जवळ उभा राहिला तेव्हा कासेत मागे राहिलेलं दूध ७० टक्क्यांनी वाढलं. त्याने गाईला हातही लावला नव्हता. गोठ्यात ज्याला पाहून गाई बुजतात त्याला धारेच्या वेळी बाहेरचं काम द्या, हा त्यावरचा सरळ उपाय.

पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन रोजच्या रोज टोचणं ही सगळ्यांत वाईट सवय. बाहेरून वारंवार मिळालं की आतला पान्हा मंदावतो, आणि धार म्हणजे सुई असं गाईच्या डोक्यात बसतं. पशुवैद्याने कारण पाहून सांगितलं तरच, आणि तेवढ्यापुरतंच.

वासरू मेल्यावर पान्हा न सोडणाऱ्या गाईला वेळ लागतो, पण ती येते. आठ-दहा दिवस एकच माणूस, एकच वेळ, एकच हाक, समोर आंबोण आणि कासेवर एरवीपेक्षा दुप्पट वेळ हात. आधी दोन्ही तळव्यांनी कासेला खालून वर दोन-तीन ढुशा द्या, वासरू देतं तशा. पहिल्या दिवसांत दूध पूर्ण उतरत नाही, तेव्हा कास तुंबू नये म्हणून धारा दिवसातून तीन-चार वेळा काढा.

लाथ मारणाऱ्या गाईबद्दल थोडं. लाथाळ म्हणण्याआधी सड बघा: चीर, फोड, काट्याचा ओरखडा, दगडीची (कासेच्या सुजेची) सुरुवात. मग आपली नखं बघा. मग अंगठा मुडपून ओढता का ते बघा. सडाला त्याने इजा होते, पूर्ण मुठीत धरून वरून खाली दाबा. मग माश्या, मग थंड हात. एवढं सगळं ठीक असेल तर भीती. बसायचं ते अंगाला अंग लावून, डोकं तिच्या कुशीला टेकवून, कोपरापासूनचा हात तिच्या मागच्या पायाजवळ. पाय उचलायच्या आधी मांडीचा स्नायू घट्ट होतो, तो हाताला कळतो. चिकटून बसलात तर लाथेचा नुसता धक्का लागतो, हातभर लांब बसलात तर ती पूर्ण जोराने बसते; गाईची लाथ पुढे येऊन बाजूला फिरते हे विसरू नका. लाथ मारल्यावर लगेच उठून दूर गेलात तर लाथ मारली की माणूस जातो, हे ती शिकते. हात स्थिर ठेवा, ती शांत झाली की सोडा. मागचे पाय दोरीने बांधणं हा जखमेवर औषध लावण्यापुरता उपाय. रोजचा झाला तर दोरी दिसताच पान्हा जातो.

पहिलारू

बऱ्याच लाथा पहिलारूंच्या, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या गाईंच्या असतात, आणि त्यातल्या कितीतरी टाळता येण्यासारख्या. विण्याच्या चार ते सहा आठवडे आधीपासून तिला रोज दुभत्या गाईंबरोबर धारेच्या जागेवर आणा. तिथेच आंबोण द्या, यंत्र असेल तर त्याचा आवाज ऐकू द्या. पहिल्या आठवड्यात मान आणि पाठ, दुसऱ्यात पोट आणि कुशी, तिसऱ्यात मागचे पाय आणि शेवटी कास. सडांना स्पर्श करा पण पिळू नका: सडाच्या तोंडाशी मेणासारखं बूच असतं, ते फुटलं की जंतूंना वाट मोकळी. व्याल्यावर कास सुजलेली, ताणलेली असते. पहिल्या आठवड्यात तिला लागतं ते खरंच दुखतं, तेव्हा धार हळू आणि अनुभवी माणसाने काढावी. नवशिक्या पोराचा हात शिकवायला पहिलारू देणं म्हणजे दोघांनाही बिघडवणं.

वासरू, आणि गोऱ्ह्याबद्दल एक इशारा

जन्मानंतरचे पहिले तीन-चार दिवस फार मोलाचे. कोरड्या फडक्याने अंग चोळणं, चीक (व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) पाजताना मानेवर हात ठेवणं, रोज पाच मिनिटं गळ्याखाली खाजवणं. एवढ्यावर पुढची कालवड हाताखाली वाढते. वासरू आईजवळ असेल तर माणसाकडे कमी लक्ष देतं, तेव्हा हा हात अधिक नेमाने लागतो. चीक मात्र पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा, वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. त्यासाठी कुठलीही शिकवण थांबवा. वेगळं वाढवत असाल तर एकटं ठेवू नका, दोन वासरांची जोडी लावा. शिंगांची मुळं जाळायची असतील तर पहिल्या काही आठवड्यांत, जागा बधिर करून आणि वेदनाशामक देऊन, आणि दूध पाजणाऱ्या माणसाच्या हातून नको.

आता गोऱ्हा. कपाळाला हात लावून ढुशी मारायला लावणं हा खेळ कोणत्याच वासराशी खेळू नये, गोऱ्ह्याशी तर मुळीच नाही. एकटा ठेवून बाटलीवर, लाडात वाढवलेला गोऱ्हा माणसाला आपल्याच जातीचा समजू लागतो. वळू झाला की त्याच माणसाला प्रतिस्पर्धी मानून अंगावर जातो. सगळ्यांत लाडका वळू सगळ्यांत घातक निघतो, तो असा. त्याला इतर वासरांत वाढवा, हाताला मोजका ठेवा, आणि कितीही गरीब असला तरी पाठ दाखवू नका.

गरीब गाईबाबतही दोन वेळा सावध राहायचंच. नुकती व्यालेली गाय वासरू आणि माणूस यांच्यामध्ये स्वतः उभी राहते. तिच्या आणि वासराच्या मधे कधी जाऊ नका, कुत्रं लांब ठेवा, पळवाट मोकळी ठेवा. आणि माजावरची गाय ओळखीच्या माणसाच्या पाठीवर हनुवटी टेकवते. दिसायला ते लाडिक, पण पुढची पायरी अंगावर चढण्याची असते, आणि वजन पाचशे किलोच्या घरात.

नाव

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या २००९ सालच्या पाहणीत ५१६ दूध उत्पादकांना प्रश्न विचारले होते. गाईंना नावाने हाक मारणारे ४६ टक्के निघाले, आणि त्यांच्या गाईंचं दूध वेताला सरासरी २५८ लिटर जास्त भरलं. यावरून नावात दूध आहे असं समजू नका. ज्याला प्रत्येक गाय वेगळी दिसते तो तिचं लंगडणं, खाणं सोडणं एक दिवस आधी ओळखतो. नाव हे त्या नजरेचं चिन्ह. नाव दोन अक्षरी, एकमेकींपासून वेगळ्या सुरुवातीचं ठेवा. हाक मारून लगेच काहीतरी चांगलं द्या, मूठभर आंबोण किंवा खाजवणं. नावाने बोलवून सुई टोचलीत की ते नाव संपलं.

दुखऱ्या कामांचा नियमही हाच: वेगळा माणूस, वेगळी जागा, वेगळे कपडे, आणि आंबोणाचं आमिष दाखवून फसवणं नाही. काम झाल्यावर तिच्या माणसाने दोन मिनिटं मान खाजवावी. नोकर किंवा घरातला धारेचा माणूस बदलायचा असेल तर आठवडाभर जुना आणि नवा दोघं एकत्र उभे राहू द्या: आधी जुना धार काढतो आणि नवा नुसता बोलतो, मग अर्धी अर्धी, मग नवा काढतो आणि जुना बाजूला असतो.

ओळखीचा खरा उपयोग

सकाळी गोठ्यात शिरल्यावर कामाला लागण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा. कोण उठली नाही, कोणाची गव्हाण भरलेली आहे, कोण कळपापासून बाजूला उभी आहे, नेहमी तुमच्याकडे मान वळवणारी कोण आज वळवत नाही. गाय दुखणं लपवते. दिसतं ते बारीक: कान मागे आणि ताठ, डोळ्यांवरचे स्नायू आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या, मान पाठीच्या रेषेखाली. शंका आली तर थर्मामीटर लावा, ३८ ते ३९.३ अंश सेल्सियस म्हणजे ठीक. डाव्या भकाळीत (शेवटच्या बरगडीमागच्या खोलगट जागेत) मूठ दाबून धरा, दोन मिनिटांत पोटाच्या दोन-तीन लाटा मुठीला लागायला हव्यात. निरोगी गाय दिवसात सात ते नऊ तास रवंथ करते, म्हणून निवांत बसलेल्या कळपात निम्म्याहून जास्त तोंडं हलताना दिसायला हवीत.

नुकती व्यालेली दुभती गाय मान वळवून कुशीवर टाकून बसली, कान थंड लागले, तर ‘दमली बिचारी, झोपू दे’ असं म्हणून पांघरूण घालू नका. कॅल्शियम एकदम खाली गेल्याचं ते लक्षण, व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत हमखास, आणि पशुवैद्य काही तासांतच हवा. माया इथे आडवी येते. तशीच आडवी येते लाडक्या गाईला बादलीभर जादा आंबोण घालताना. पोटात आम्ल वाढून ती आडवी पडते. लाड मूठभरच करा, आणि तेही रोज ठरल्या वेळी.

सोडताना

वासरू वेगळं करायचं असेल तर दूध तोडणं आणि आईपासून तोडणं एकाच दिवशी करू नका. आधी दोघांमध्ये कुंपण घाला, एकमेकांना दिसतील, हुंगता येईल पण पिता येणार नाही असं. काही दिवसांनी लांब न्या. हंबरणं दोन-तीन दिवस चालतं. त्या दिवसांत गोठ्यात दुसरी कोणतीही उलथापालथ नको.

आडवी पडलेली म्हातारी गाय ठेवायची की तिला वेदनेतून कायमचं सोडवायचं, हा प्रश्न ती आडवी पडल्यावर पहिल्यांदा विचारला तर उत्तर चुकतं. पशुवैद्याबरोबर आधीच ठरवा: खाते-पिते का, उठायचा प्रयत्न करते का, दुखणं औषधाने आवरतं का. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आलं तर तिचे हाल लांबवू नका. तोवर अंगाखाली वीतभर जाड अंथरूण, दर दोन ते चार तासांनी कूस बदलणं, आणि तोंडाजवळ पाणी. शेवटच्या वेळी तिच्या ओळखीच्या माणसाने डोक्याशी बसावं, गळ्याखाली हात ठेवावा आणि नेहमीच्याच आवाजात बोलावं. रडू आलं तर ते नंतर, कारण आवाज फुटला की ती मान उचलते.

ते नंतरचं रडू फालतू नसतं. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ थोपवायला ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्यानंतर त्या भागातल्या शेतकऱ्यांचा अभ्यास झाला तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख आणि पुन्हा पुन्हा समोर उभं राहणारं ते दृश्य, हेच लोक सांगत राहिले. गाय गाडीत चढवायच्या किंवा पुरायच्या दिवशी घरातल्या एकट्यावर ते काम टाकू नका. मुलांना ‘फिरायला गेली’ असं सांगू नका, खरं सांगा.

गोठ्यातही एक जागा मोकळी होते. गाईंच्या जोड्या असतात: शेजारी बसणाऱ्या, एकमेकींना चाटणाऱ्या. गेलेल्या गाईची सोबतीण कधी कधी काही दिवस हंबरते, गव्हाणीवर कमी थांबते, दूध कमी देते. तिच्या शेजारी लगेच नवी अनोळखी गाय बांधू नका. आधीपासून जिच्याशी तिचं पटतं अशी एखादी सरकवा. त्या आठवड्यात तिची धार नेहमीच्याच हाताने, नेहमीच्याच वेळी काढा, आणि सड धुण्याआधी मिनिटभर गळ्याखाली हात फिरवा.